पऱ्हाटीच्या चिमट्याचं पेटंट

माझ्या थोरल्या भावाला पेटंट मिळालं नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

बोरीला आमची कापसाची शेती. वेचणी संपली की वाळलेली पऱ्हाटी हातानं उपटायची आणि तळहाताला फोड आणायचे, ही दरसालची रीत. दादानं डोकं लढवून लोहाराकडून एक लांब दांड्याचा चिमटा करून घेतला. बुंध्याला लावा, दांडा दाबा, पऱ्हाटी मुळासकट बाहेर! दोन हंगामांत तो चिमटा गावभर उसना फिरला.

"मास्तर, ह्याच्यावर माझं नाव लागलं पाह्यजे," दादा मला म्हणाला. "उद्या कोन्ही बी म्हनंल, म्याच काढला. तू सरकारी कागूद कर."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे गावातल्या सगळ्या दरखास्ती माझ्याच हातच्या. पुराव्याशिवाय सरकार हलत नाही, हे मला पक्कं ठाऊक (विहिरीच्या अर्जाला मी अकरा दाखले जोडले होते!). सायकल काढली, शिवारं पालथी घातली, अंगठे आणि सह्या गोळा केल्या. मजकूर एकच: "आमी दोन वर्सं झाले हा चिमटा वापरायलोत. लय बेस हाय." वर सरपंचांचा शिक्का. मग सगळ्याचं झोकदार इंग्रजी करून पेटंटच्या अर्जासोबत पाठवलं.

वर्षभरानं पोच आली. आणखी दोन वर्षांनी पत्र आलं, आकृती नीट काढून पाठवा. चित्रकलेच्या सरांनी चार प्रयत्न केले. चौथ्यांदा कुठे चिमटा खेकड्यासारखा दिसेनासा झाला.

"काय म्हनायलंय सरकार?" दादा दर आठवड्याला विचारायचा.

"विचार करायलंय," मी सांगायचो.

अर्ज केला तेव्हा दादाची लेक पाचवीत होती. निकाल आला तेव्हा ती दिवाळीला सासरहून आली होती! पत्र तिनंच वाचलं.

"नामंजूर," ती म्हणाली. "अर्जाच्या आधीच लोक वापरत होते, म्हंजी वस्तू नवी न्हाई."

"त्यांना कोन सांगितलं?" दादा उसळला.

"काका, तुमचेच दाखले हायेत की सोबत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात शेजारचे गणपतराव वीजजोडणीचा अर्ज लिहून घ्यायला आले. दादा ओट्यावरून शांतपणे म्हणाला, "लिवून घ्या. पर मास्तरला पुरावे जोडू देऊ नका."

मी निमूट दोन ओळी लिहिल्या. आठ दिवसांत वीज आली!