पाटीचा दुसरा रकाना

प्रत्येक मेडिकल स्टोअरच्या काउंटरखाली एक ड्रॉवर असतो. कापलेल्या स्ट्रिपा, कुणी परत आणून दिलेली सिरपं, एक्स्पायरी जवळ आलेली मलमं, सगळं त्यात पडत राहतं आणि एक दिवस तो ड्रॉवर बंदच होत नाही. आमच्या शूटिंग रेंजच्या किश्श्यांचं तसंच झालंय. बाहेरच्यांना वाटतं, रेंजवरचे किस्से म्हणजे नेमबाजीचे असणार. कसली नेमबाजी! आमचे निम्मे किस्से खोकल्याच्या औषधाचे आणि उरलेले बीपीच्या टॅब्लेटचे.

माझं मेडिकल नाशिकच्या इंदिरानगरला. दुकान उघडतो दहाला, त्याआधी सकाळी सहा ते नऊ मी त्र्यंबक रोडवरच्या रेंजवर असतो. एअर रायफलची दहा मीटरची साधी रेंज आहे. पूर्वी तिथे द्राक्षांचं पॅकहाऊस होतं, त्यामुळे हॉल लांबलचक आणि थंड. रेंज चालवतात सुभेदार. तोफखान्यातून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली, डावा कान तोफांनाच देऊन आलेले. रेंज ऑफिसर तेच, लोड, स्टार्ट, स्टॉप या ऑर्डरी त्यांच्या. ते सांगतील तेव्हाच रायफल उचलायची, ते सांगतील तेव्हा खाली ठेवायची. मी त्यांचा असिस्टंट. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नावाने हाक मारलेली नाही. "ए मेडिकल!" एवढंच.

* * *

आमच्या हॉलमध्ये टार्गेटच्या वर एक बंद घड्याळ आहे. सात वीसला थांबलंय. नवीन माणूस विचारतोच, "सेल संपला का हो?"

सेल नाही संपला. जोशीकाकांनी मारलं ते.

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. तेव्हा सुभेदारांची सेफ्टी तपासणी म्हणजे दारात उभं राहून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घ्यायचा. दारू प्यायलेला आत येणार नाही, विषय संपला. जोशीकाकांच्या तोंडाला आल्याचा छान वास आला. सुभेदार म्हणाले, "पास!"

तो वास होता खोकल्याच्या सिरपचा. डॉक्टरांनी झोपताना घ्यायला सांगितलेलं. रात्री विसरले म्हणून काकांनी सकाळी घेतलं, आणि राहून गेलेलं भरून काढायला दुप्पट घेतलं. लोड झालं. काकांनी रायफल उचलली, दस्त्यावर गाल टेकवला आणि उभ्या उभ्या झोपले. नळी हळूहळू वर गेली. आम्हाला वाटलं, काका नेम धरतायत. मग छर्रा सुटला आणि घड्याळाची काच खाली आली.

काका दचकून जागे झाले आणि म्हणाले, "कोणी मारला रे?"

सुभेदार म्हणाले, "तुम्हीच."

"अरे वा! किती पॉइंट?"

हसलो आम्ही सगळे. पण त्या घड्याळाच्या हातभर खाली टार्गेट बदलायचं दार आहे आणि आमच्यातल्याच वर्षाताई नुकत्याच त्या दारातून बाहेर आल्या होत्या. ते आठवलं की हसू आटोपतं. सुभेदारांनी घड्याळ बदलू दिलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. सुभेदार दारात खुर्ची टाकून बसायचे आणि एकेकाला विचारायचे, "काय औषध घेतलं? कशासाठी? कधीपासून?" सगळ्यांच्या देखत, आणि कान गेलेल्या माणसाच्या आवाजात! उत्तर एकच यायचं, "काही नाही." सगळे आयुष्यात कधी आजारीच न पडलेले.

माझ्या धंद्यावरच परिणाम झाला. रेंजवरची मंडळी माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जायची आणि पार सिडकोतून औषधं आणायची. का, तर मेडिकलवाला सुभेदारांना सांगेल. आता मी काय असा माणूस आहे? काउंटरवर कळलेली गोष्ट काउंटरवरच ठेवायची, हे माझ्या वडिलांनी मला दुकानाच्या किल्लीबरोबर दिलं होतं. पण सांगणार कुणाला?

ही चौकशी मोडली ती बाळासाहेबांमुळे. बाळासाहेब सायखेड्याचे, टोमॅटो आणि फ्लॉवरची शेती. नाशिक मार्केटला माल उतरवला की तसेच रेंजवर येतात.

"औषध?" सुभेदारांनी विचारलं.

"नाय साहेब. आपल्याला काय धाड भरलीय? लय ठणठणीत हाय गडी!"

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. अलार्म होता, आणि अलार्मला वहिनींचाच रेकॉर्ड केलेला आवाज! "आवो, शुगरची गोळी घेतली ना? मंग दोन घास खाऊन घ्या आता. नायतर कालच्यावानी हात थरथरायचे!"

मोबाईल बंद करायला बाळासाहेबांना खिसा सापडेना, त्यामुळे सूचना तीनदा झाली. सुभेदारांनी उठून कालचं टार्गेट आणलं. एकही छर्रा काळ्यात नव्हता.

"म्हणजे हे असं!"

"साहेब," बाळासाहेब हळूच म्हणाले, "तेवढं आमच्या मंडळींना दाखवू नका."

मी त्यांना आधी बिस्किटं खायला घातली. हात खरंच कापत होते.

* * *

मग पाटी आली. कल्पना माझी, पाटी सुभेदारांची. दाराशी मोठा काळा फळा, त्यावर दोन रकाने. पहिल्यावर लिहिलं 'शूटिंग', दुसऱ्यावर 'टार्गेट आणि चहा'. ज्याने झोप आणणारं, चक्कर आणणारं, हात कापवणारं काही घेतलंय, त्याने खडूने आपलं नाव आपणच दुसऱ्या रकान्यात लिहायचं. त्या दिवशी रायफल नाही. टार्गेटचे कागद लावायचे, सगळ्यांना चहा करायचा. आणि मुख्य नियम म्हणजे, काय घेतलं ते कुणी विचारायचं नाही. सुभेदारांनीसुद्धा नाही.

पहिल्या सकाळी फळा पाहून मी चाटच पडलो. शूटिंगच्या रकान्यात दोन नावं आणि चहाला अकरा! ॲलर्जी, सांधे, झोप, मन, जे कुणी कधी बोललं नव्हतं ते सगळं एका रांगेत उभं होतं. वर्षाताई शाळेत शिकवतात, त्यांनी बराच वेळ खडू हातात धरून ठेवला होता. मग ती रांग बघून म्हणाल्या, "मला वाटायचं मी एकटीच." त्या दिवशी चहा इतक्या जणांनी केला की प्रत्येकाने वेगळी साखर घातली. पण मला सकाळभर फार बरं वाटत होतं.

पहिल्या रकान्यातलं एक नाव माझं होतं. त्याच्या वर, सगळ्यात पहिलं, सुभेदारांचं. खडूने नव्हे, पांढऱ्या ऑइल पेंटने!

"हे पुसणार कसं?" मी विचारलं.

"पुसायची वेळ येणार नाही. फौजी माणूस आहे."

* * *

पाटीवरून एकदा एक पुढारी भडकले. कुठले ते जाऊ द्या. वाढदिवसाच्या बॅनरसाठी रायफलसकट फोटो हवा होता. कंबर धरली म्हणून सकाळीच स्नायू सैल करणारं औषध घेतलेलं, हे त्यांच्याच कार्यकर्त्याने कौतुकाने सांगून टाकलं. सुभेदारांनी रायफल परत रॅकला लावली.

"मी कोण आहे माहितीये का?"

"पाटीवर लिहा," सुभेदार म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनाच कळेल."

त्यांनी लिहिलं हो! चहाही केला. महिनाभर रोडवर बॅनर होता. साहेब, हातात चहाची गाळणी, आणि खाली 'साधेपणा हाच दागिना'.

* * *

आहेर भाऊसाहेबांची गोष्ट जरा उलटी आहे. रिटायर्ड तलाठी. पाच वर्षं त्यांचा नेम जेमतेम होता, आणि एका महिन्यात असा सुधारला की सुभेदारांनी स्वतः पेढे वाटले. जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव द्यायचं ठरलं. सगळे त्यांना विचारायला लागले, "काय सिक्रेट?" भाऊसाहेब सांगायचे, "प्राणायाम."

सिक्रेट माझ्या काउंटरवरून गेलं होतं. डॉक्टरांनी बीपीची टॅब्लेट बदलून दिली होती. या नव्या जातीच्या टॅब्लेटने छातीची धडधड कमी होते आणि हात दगडासारखा स्थिर राहतो. म्हणूनच नेमबाजीच्या स्पर्धेत तिला बंदी आहे. भाऊसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. पुढे सांगणार होतो की ती मनाने बंद करू नका, धोक्याचं असतं. पण माणूस प्रामाणिक! अर्धं ऐकूनच ताठ मानेने निघून गेले आणि त्याच दिवशी टॅब्लेट बंद केली.

चौथ्या दिवशी रेंजवरच मटकन खाली बसले. रायफल हातात नव्हती हे नशीब. बीपी असं चढलं होतं की मी ते त्यांना सांगितलंच नाही, थेट रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी वहिनी रेंजवर आल्या. एकदम शांत. सुभेदारांना म्हणाल्या, "मेडल किती ग्रॅमचं असतं हो?"

"असेल शंभरेक ग्रॅमचं."

"आणि आमचे हे ऐंशी किलोचे आहेत. हिशोब तुम्हीच करा."

सुभेदारांनी स्पर्धेच्या यादीतून नाव काढलं. भाऊसाहेब अजून येतात, टॅब्लेट घेऊन. नेम अप्रतिम आहे आणि ते आता प्राणायामाचं नाव काढत नाहीत.

* * *

आता शेवटचा.

माझं दुकान दुपारी दोनला बंद होतं. गेल्या हिवाळ्यात एकदा शटर अर्धं ओढलं होतं, तर खालून चकचकीत पॉलिशचे बूट दिसले. सुभेदार होते. वाकून आत आले, चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि कॅलेंडर बघत उभे राहिले. कमरेपासून पायापर्यंत कळ मारते त्यासाठी, नसांच्या दुखण्याचं औषध. दिवसातून दोनदा.

स्ट्रिपा देताना मी म्हणालो, "सर, याने सुरुवातीला झोप येते. तोल जातो."

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. "ऐकू येत नाही मला." आणि गेले.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर ऑइल पेंट तसाच होता आणि ऑर्डरी देत सुभेदार उभे होते. एक 'स्टॉप' आलाच नाही. वेळ झाली म्हणून वर्षाताई टार्गेटकडे निघाल्या आणि भाऊसाहेबांची रायफल अजून वरच होती! मीच ओरडलो, "स्टॉप!" भाऊसाहेबांनी रायफल खाली केली, ताई जागच्या जागी थांबल्या. सुभेदार भिंतीला हात लावून उभे होते, म्हणाले, "मी सांगणारच होतो."

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. पण काउंटरवरचं काउंटरवर ठेवायचं, आणि रेंजवर शंका आली तर थांबवायचं, हे दोन्ही नियम माझेच. शिवाय ज्या माणसाने मला रायफल धरायला शिकवलं, त्याला सगळ्यांसमोर बाजूला हो कसं म्हणू? दोन दिवस मी त्यांच्या उजव्या कानाशी उभा राहून हळूच ऑर्डरी सांगत राहिलो आणि ते मोठ्याने देत राहिले. मी भित्रा, दुसरं काही नाही. घड्याळाकडे बघवेना.

तिसऱ्या सकाळी हिय्या करून म्हणालो, "सर, पाटी."

"ऑइल पेंट आहे तो."

मग मी खडू घेतला आणि माझंच नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं. रायफल रॅकला लावली, त्यांच्या कानाशी गेलो नाही, चहाचं आधण ठेवलं.

सुभेदार माझ्यामागे आले. "मेडिकल, तू काय घेतलंस?"

"विचारायचं नाही, सर. तुमचाच नियम."

ते घड्याळाखालच्या त्या दाराकडे बघत राहिले. मग हॉलमध्ये गेले आणि म्हणाले, "आज फायर नाही. सगळे घरी." रेंज सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

दुपारी दोनला शटरखाली पुन्हा ते बूट.

"टर्पेंटाइन आहे?"

पायाला चोळायला हवं असणार, असं मला वाटलं. बाटली दिली. म्हटलं, "हलक्या हाताने, सर. जोर लावू नका."

"जोर लावावाच लागणार," ते म्हणाले आणि वाकून बाहेर गेले.

दुसऱ्या सकाळी दारातच टर्पेंटाइनचा वास आला. फळ्यासमोर सगळे गोळा झाले होते. पहिल्या रकान्यात वर नुसता तेलकट डाग होता. त्याच्या खाली माझं नाव, सुभेदारांच्या अक्षरात. आणि दुसऱ्या रकान्यात खडूने, रँकसकट, त्यांचं.

सुभेदारांच्या गळ्यात असायची ती रेंजची शिट्टी खिळ्याला लटकत होती. ती मी गळ्यात घातली. हात कापत होते, आणि मी खरंच काही घेतलं नव्हतं. लाइनवर सगळे उभे राहिले, रायफली अजून टेबलावर. लोड म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून तो तोफखान्याचा आवाज आला. वळून बघतो तर सुभेदार, एका हातात गाळणी, दुसऱ्यात पातेलं, टाचा जुळवून ताठ उभे.

"रेंज ऑफिसर! साखर किती?"