आईला माती

फिर्मिनाला दोन मुली, दोन बापांच्या. थोरली जांदिरा होडीवाल्याची, तव्यासारखी काळी. धाकटी लिओंतीना चिरुटाच्या कारखान्यातल्या गोऱ्या मुकादमाची, सायीसारखी गोरी. मुकादमाने पोरीला नाव दिलं नाही, रंग तेवढा दिला. काशुएरा गावच्या बायका म्हणायच्या, "वंश उजळला गं तुझा, फिर्मिना!"

फिर्मिनाने तो उजेड जिवापाड जपला. नाक चपटं होऊ नये म्हणून तान्ह्या लिओच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून तिला निजवलं. उन्हात पाठवलं नाही. मटणाचा तुकडा लिओला, रस्सा जांदिराला. लिओ मठातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत गेली, आणि तिचा खर्च भागावा म्हणून जांदिरा आईशेजारी चिरूट वळायला बसली. ती कधी कुरकुरली तर आई म्हणायची, "एकजण वर चढली की दोरी खाली सोडेल गं."

लिओ चढली. नदीपलीकडच्या साल्दान्यांच्या घरात तिने लग्न केलं. तंबाखूची गोदामं, दारात मोटार, भिंतीवर गोऱ्या पूर्वजांच्या तसबिरी. सासरी तिने सांगितलं, आईबाप तापात गेले, एका काळ्या दाईने वाढवलं. दोरी काही खाली आली नाही.

नातू झाला तेव्हा फिर्मिना इस्त्रीचा झगा घालून पूल ओलांडून गेली. क्लोतील्दाबाईंनी, म्हणजे लिओच्या सासूने, तिला स्वयंपाकघरात बसवलं. बाळ दुरून दाखवलं. निघताना लिओने हातावर उरलेल्या भाताचा डबा ठेवला. "घेऊन जा, दाई."

घरी येऊन फिर्मिनाने ते जांदिराला सांगितलं, वर म्हणाली, "दाई म्हणाली, पण प्रेमाने म्हणाली हो."

जांदिराने तो भात कोंबड्यांना टाकला. त्या 'प्रेमाने'वर तिचा जीव असा काही जळला की तिने मनाशी गाठ मारली. मात्र आई जिवंत असेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फिर्मिना गेली. जांदिराने डोळे पुसले आणि साल्दान्यांकडे निरोप धाडला. लिओला नाही, थेट क्लोतील्दाबाईंना. "तुमच्या सुनेची दाई वारली. शेवटपर्यंत तिचंच नाव घेत होती. सगळ्यांनी यावं, तिच्या आत्म्याला बरं वाटेल."

मोठ्या घरची माणसं अशा दयेला नाही म्हणत नाहीत. मोटारीतून तिघं उतरली: क्लोतील्दाबाई, लिओचा नवरा अन्सेल्मो, आणि काळी टोपी, काळे हातमोजे घातलेली लिओ. गल्लीतल्या माणसांनी तिला ओळखलं, पण जांदिराच्या चेहऱ्याकडे बघून सगळी गप्प राहिली.

पेटी खड्ड्यात उतरली. पाद्रीबाबांचं पुटपुटणं संपलं. जांदिरा वाकली, ओली माती मुठीत घेतली, आणि सरळ जाऊन लिओच्या हातमोज्यावर ठेवली.

"चल लिओ. धाकटीने आधी द्यायची. दे आईला माती."

लिओ पांढरीफटक पडली. "काय बोलताय तुम्ही? मी... दुःखाने हिचं डोकं फिरलंय हो, बिचारीचं."

"फिरलंय तर फिरलंय," जांदिरा म्हणाली. "तू माती दे."

माती टाकली तर सासरी कबुली, आणि न टाकली तर आईच्या खड्ड्यापाशी आईला नाकारणं. ही कोंडी जांदिराने किती दिवस मनात घोळवली होती! लिओने सासूकडे पाहिलं. मग तिने हात झटकला. माती खड्ड्याच्या बाहेरच सांडली.

तेव्हा गल्लीचं तोंड उघडलं. खड्डा खणणारा म्हातारा सेराफीम कुदळीला टेकून म्हणाला, "अगं लिओ, तुला खांद्यावर घेऊन नाचवलंय मी. आई गं ती तुझी!"

"नऊ महिने पोटात वागवलं तिने!" मागून एक बाई ओरडली. "चिमटा लावून नाक सरळ केलं, ते आईला नाकारायला होय?"

क्लोतील्दाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपीखालून सुटलेल्या केसांच्या कुरळ्या बटांकडे. "अन्सेल्मो, मोटार काढ," एवढंच बोलल्या. अन्सेल्मोने बायकोकडे पाहिलंही नाही. मायलेक बसली, मोटार गेली. लिओ टोपीसकट तिथेच उभी.

अंधारायच्या आत ती जांदिराच्या दाराशी आली. "ताई, मी आता कुठे जाऊ?"

"कोण आपण, बाईसाहेब?" जांदिराने विचारलं. "उरलेला भात नाहीये आज." आणि तिने कडी लावली. आत बसून तिने माशाचं कालवण पोटभर खाल्लं. कित्येक वर्षांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

साल्दान्यांनी लिओला पुढे परत नेलं, अब्रूची लक्तरं अजून वेशीवर टांगायला नकोत म्हणून. पण पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवत, आणि रोज सकाळी क्लोतील्दाबाई नातवाच्या केसांत बोटं घालून ते कुरळे होतायत का ते बघत. हे सगळं तिथल्या मोलकरणीने सांगितलं. पोराचं ऐकून जांदिराचे हात क्षणभर थांबले. त्याचा तिने विचार केलाच नव्हता. मग ती पुन्हा चिरूट वळू लागली.

पाचेक वर्षांनी बाजारात दोघी समोरासमोर आल्या. लिओ उन्हाने रापली होती, डोक्यावर टोपी नव्हती. तिने हलक्या आवाजात हाक मारली, "ताई."

जांदिराला स्वच्छ ऐकू आलं. तिने नारळवाल्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "आज पाणीदार आलेत का रे?"