नकाशावरच्या आडव्या रेघा

माझे जावई इथल्या हेब्बाळ भागातल्या एका मोठ्या कंपनीत आहेत. मूळचे पुण्याचे, त्यामुळे आम्हा म्हैसूरकरांचं मराठी त्यांच्या कानाला टोचतं. मी "सुम्ने बसले होते" म्हटलं की लगेच, "आई, उगाच बसले होते." बरं बाबा, उगाच.

मुलगी कॉलेजात भूगोल शिकवते. ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहाने मोजलेला बर्फ तिला नकाशावर मांडायचा होता. दुपारी तीनला तो समितीपुढे ठेवायचा. पटला तर संशोधनाचं काम तिला, नाहीतर दुसऱ्या कॉलेजला. तीन वर्षं ती या कामामागे होती. आणि त्या सकाळी नकाशावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडव्या रेघाच रेघा.

जावयांनी चहाचा कप हातात घेऊन दोन मिनिटं पाहिलं. "डेटाच खराब आहे. साफ करून देतो."

साफ म्हणजे काय, तर जिथे जिथे रेघ आडवी गेली तिथली मोजमापंच उडवली. रेघा गेल्या, आणि रशिया-अलास्कामधला बर्फही गेला. त्यांच्या ऑफिसात अशीच रीत आहे म्हणे, वरच्या साहेबाने विचारायच्या आत कुरूप ते काढून टाकायचं.

"इथला बर्फ कुठे गेला म्हणून विचारलं तर?" मुलगी म्हणाली.

"कोण विचारतंय!"

मी वीस वर्षं कंप्युटरवर चालणाऱ्या मशीनवर साड्यांचं भरतकाम केलं. एक बुट्टा संपला आणि धागा न तोडता मशीन दुसऱ्या टोकाच्या बुट्ट्यावर गेलं, की मधे असाच लांब धागा पडतो. तेव्हा धागा तोडतात, बुट्टे उसवत नाहीत. प्रोग्रॅमिंग मी नंतर शिकले, व्हिडिओ बघून, चुकत चुकत.

आकडे उघडले. रेखांश एकशे एकोणऐंशीपर्यंत चढतात आणि पुढच्याच ओळीत उणे एकशे एकोणऐंशी. उपग्रह बिचारा सरळ चालला होता. नकाशा तिथेच, रशिया-अलास्काच्या मधे, कापलेला, म्हणून ठिपके जोडत रेघ काढणारी मुलीची स्क्रिप्ट त्याला जगाच्या या कडेहून त्या कडेला फरपटत नेत होती.

"जावईबापू, पृथ्वी गोल आहे हे तुमच्या कंपनीत कुणी कळवलंय का?"

"आई, ते प्रोजेक्शनचं असतं, तुम्हाला नाही..."

"हां. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

मूळ आकडे परत आणले आणि चार ओळी घातल्या: शेजारच्या दोन रेखांशांत एकशे ऐंशीहून जास्त फरक आला की रेघ तोड, पलीकडून नवी सुरू कर. आडव्या रेघा गेल्या, बर्फ जागेवर राहिला.

"मी हेच सुचवणार होतो," जावई म्हणाले. सुचवणार होते.

संध्याकाळी मुलगी आली ती हसतच. समितीतल्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न रशिया-अलास्कामधल्या बर्फाचा विचारला होता. काम तिला मिळालं. जेवताना जावई फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आम्ही दोघांनी बसून नकाशा नीट केला."

"तू उडवलेल्या आकड्यांवरच मिळालंय हे," मुलगी म्हणाली.

जावयांनी फोन ठेवला आणि ते भातात बोटं फिरवत बसले. जावयाला पानावर बोलू नये म्हणतात, म्हणून मी गप्प राहिले. पानावरून उठेपर्यंत.