तीन साहेब आणि एक विहीर

मी निवृत्त झाले तेव्हा खात्यानं छोटासा समारंभ केला आणि मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. विषयही त्यांनीच दिला: ज्या जुन्या प्रमुखांच्या हाताखाली आपण काम केलंत त्यांच्या कारकिर्दी. व्यासपीठामागं सगळ्यांचे फोटो ओळीनं टांगलेले होते. सगळे कर्तबगार, कडक पण मनानं मऊ, असं म्हणून मी नारळ घेतला आणि खाली बसले. समारंभात खरं बोलायचं नसतं, एवढं मला कळतं. पण जे बोलायचं राहिलं ते इथं लिहिते.

फाळणीनंतर वर्षभरातच मी निर्वासितांच्या कॅम्पात नर्स म्हणून लागले. माझं माहेर बदलापूरचं, शेतकऱ्याचं. अंबरनाथला एक खोली भाड्यानं घेतली होती, तिथून पाच नंबरच्या कॅम्पात चालत जायची. युद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि एकेका खणात एकेक सिंधी कुटुंब. उल्हासनगर हे नाव नंतर आलं, आम्ही आपले कॅम्पच म्हणत राहिलो. माझ्याकडं बाळंतपणं होती, टोचण्या होत्या आणि मुदतीच्या तापाचे रोगी होते. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड. तो घाणेरड्या पाण्यातून येतो हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या ऑफिसला तर होतंच.

शेवटच्या बराकींच्या मागं एक विहीर होती आणि तिच्या वरच्या अंगाला संडासांचा नाला वाहायचा. नळ त्या टोकापर्यंत आलाच नव्हता. पिणं, धुणं, स्वयंपाक, सगळं त्याच विहिरीवर.

तिथल्या एका बाईचं पहिलं बाळंतपण मी केलं. ती शिकारपूरकडची. मला ‘अदी’ म्हणायची, म्हणजे ताई. तिचा तो मुलगा नुकता चालायला लागला होता तेव्हा मुदतीच्या तापानं गेला. पुढं काही वर्षांनी मुलगी झाली, तीही माझ्याच हातावर. ही मुलगी जगावी, एवढंच त्या बाईचं देवाकडं मागणं होतं. आणि माझं सरकारकडं एवढंच मागणं होतं की त्या बराकींना एक नळ मिळावा.

सिंधी लोक पाण्याला देव मानतात. सिंधू नदी मागं राहिली, तेव्हा पुढ्यात जे पाणी आलं त्याला त्यांनी हात जोडले. तांदूळ, साखर आणि दूध पाण्यात सोडायचं, पदर पसरून मागणं मागायचं, आणि मग त्याच पाण्याची ओंजळ प्रसाद म्हणून लेकराला पाजायची. त्या तांदूळ-साखरेला ते ‘अखो’ म्हणत. ही बाई दर शुक्रवारी विहिरीत अखो घालायची. ज्या पाण्यानं मुलगा नेला त्याच पाण्याकडं मुलीचं आयुष्य मागायची. मी तिला एकदा समजावून पाहिलं. तिनं शांतपणे विचारलं, देव कशाला मारेल? नाला काही देवानं खणला नव्हता, तो आम्हीच तिथून काढला होता.

आमचे पहिले साहेब लष्करातून आलेले डॉक्टर होते. आवाज असा की बराकीतली मांजरं पळायची. विहीर बघून आले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लोखंडी जाळी ठोकून कुलूप घातलं. बायकांनी पाणी कुठून आणायचं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. आठवड्याच्या आत कुणीतरी कुलूप फोडलं, जाळी वाकवली आणि बायका पुन्हा पाणी भरू लागल्या. साहेबांनी वर कळवलं होतं की दूषित विहीर बंद केली. ती पुन्हा उघडली हे मात्र कुणीच कळवलं नाही. साहेबांना शाबासकी मिळाली आणि ते बढतीवर पुण्याला गेले.

दुसरे साहेब डासांचे. ते आले आणि कॅम्पभर डीडीटीच्या फवारण्या सुरू झाल्या. भिंती पांढऱ्या, भांडी पांढरी, माणसं शिंकून बेजार. हिवताप खरंच कमी झाला, उगाच नाव कशाला ठेवा. पण आमच्या शेवटच्या बराकींत माणसं मरत होती ती पाण्यानं, आणि तिथंही साहेब पाठवत होते फवारणीवालेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी एकदा धीर करून विहिरीचं काढलं. ते म्हणाले, ती विहीर माझ्या आधीच्या साहेबांनी बंद केलेली आहे, आणि बंद विहिरीच्या पाण्यानं ताप येत नसतो. मी म्हटलं, साहेब, चला, दाखवते. ते हसले आणि चहा मागवला. पुढं त्यांना परदेशात डासांचंच मोठं काम मिळालं. समारंभातल्या त्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो त्यांचा आहे.

एव्हाना खात्याची रीत माझ्या अंगवळणी पडली होती. साहेब बदलला की नवा साहेब नव्यानं पाहणी करणार, जुन्याचं काम बाजूला ठेवणार, आणि स्वतःचं काम जमत आलं की बदलून जाणार. येरे माझ्या मागल्या. त्यांची शिडी वर चढत होती आणि आमची विहीर होती तिथंच होती.

तिसरे साहेब आले ते चालत आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले. कुणी न सांगता विहिरीवर गेले, नाल्याच्या कडेनं फिरले आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, इथं आधी नळ आणू. मग विहीर बायका स्वतःच सोडतील.” इतकी वर्षं मी हेच म्हणत आले होते. कुणा साहेबाच्या तोंडून ते ऐकून मला रडू कोसळलं. ते बिचारे गोंधळून गेले.

दोन वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं. नळासाठी मुंबईला खेटे घातले. बायकांशी बोलताना ते जमिनीवर बसायचे. म्हणायचे, नळ आला की त्याच्या पहिल्या पाण्याला तुम्ही अखो घाला, मीही येईन. बायका पदराआड हसायच्या, पण मान डोलवायच्या. नळ मंजुरीच्या बेतात आला. तोवर पाणी उकळून प्या, असं ते घरोघर सांगत, आणि लोक त्यांचं ऐकू लागले होते. माझ्या नोकरीतले तेवढेच दिवस मी सकाळी आनंदानं निघाले.

आपल्या पाडव्याच्या सुमारास सिंधी लोकांचा चेटीचंड, म्हणजे नव्या वर्षाचा सण येतो. बायकांनी साहेबांना सहकुटुंब बोलावलं. ते बायकोला आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. विहिरीवर दिवे लागले, गाणी झाली, अखो घातला गेला. माझ्या त्या बाईनं पाण्याची ओंजळ भरून थोडं आपल्या मुलीला पाजलं आणि उरलेली ओंजळ मोठ्या मायेनं साहेबांच्या मुलापुढं धरली. मुलानं वडिलांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. भोवती सगळ्या बराकी उभ्या होत्या. नको म्हणाले असते तर दोन वर्षांचा विश्वास त्या एका शब्दानं गेला असता. सणाच्या दिवशी आईच्या हातचं पाणी नाकारायचं कसं, हे मलाही सुचलं नाही. साहेबांनी मानेनंच हो म्हटलं आणि मुलगा ते पाणी प्याला.

पुढं दोघांनाही एकाच आठवड्यात ताप भरला. तो त्या ओंजळीचाच होता असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. ती मुलगी रोजच ते पाणी पीत होती. पण साहेबांच्या घरी पाणी उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी मुलाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मुदतीच्या तापावर नवं औषध तेव्हा नुकतं येऊ लागलं होतं, तेही ओळखीपाळखीनं मिळायचं. त्यांनी ते मुलासाठी मिळवलं. त्या मुलीसाठीही मिळवलं आणि शिपायाबरोबर पाठवून दिलं. शिपाई पोचला तेव्हा मुलीला पोचवून स्मशानातून परतलेली माणसं दारात बसली होती. मी ते खोकं हातात घेऊन नुसती उभी राहिले.

साहेबांच्या बदलीची बातमी आली तेव्हा मला वाटलं, सरकारनं नेहमीप्रमाणे केलंच. निरोपाच्या चहानंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, तुम्ही वर सांगून ही बदली थांबवा, नळ आता हाताशी आलाय. त्यांनी चष्मा काढला.

मग म्हणाले, “बदली मला कुणी दिलेली नाही. मी मागून घेतली.”

नळाचं काय, असं मी विचारलं. नवीन साहेब बघतील, म्हणाले. नवीन साहेब म्हणजे नवी पाहणी, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या बराकींकडं मला आता बघवत नाही, म्हणाले, आणि चष्मा पुसत आत गेले. पुढं त्यांनी पाण्याच्या कामाला कधी हात लावला नाही. कुठल्याशा लांबच्या तालुक्यात महारोग्यांच्या दवाखान्यात राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. समारंभातल्या भिंतीवर त्यांचा फोटो कोपऱ्यात होता, लहानसा.

पहिल्या दोघांवर मी आयुष्यभर चिडले आणि त्या चिडण्याचा मला आधार होता. या तिसऱ्यावर मला चिडता येईना. माझं पोर असतं तर मीही ते उचलून पळालेच असते. वाईट साहेब गेले की चांगला येईल अशी आशा तरी असते. चांगला येऊन गेल्यावर मी कुणाची वाट बघायची होती?

साहेब गेले हे बराकीत मलाच सांगावं लागलं. ती बाई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि मला ते हवंच होतं. तिनं फक्त विचारलं, साहेबांचा मुलगा कसा आहे? मी म्हटलं, बरा झाला, खेळायला लागला.

तिनं डोळे मिटून हात जोडले. दोघांना ताप भरल्यापासून मुलीबरोबर त्या मुलासाठीही ती रोज अखो घालत होती, हे मला तेव्हा कळलं. मग पुन्हा तांदळात बोटं फिरवत ती म्हणाली, “मेरी नहीं सुनी, अदी. उसकी सुन ली. चलो, एक की तो सुनी.”