कोपराचा बेंजो

आमचे मिस्तरी सायकलचं चाक कानांनी सरळ करायचे. सायकल उलटी उभी करायची, चाक फिरवायचं, मग एकेका तारेला पान्ह्यानं टिचकी मारून मान कलती करून ऐकायचं. "ही बेसूर हाय," असं पुटपुटत ती तार अर्धा फेरा आवळायची. गिऱ्हाईक घाईत असलं तर मिस्तरी मुद्दाम आणखी सावकाश ऐकायचे. परळीला स्टेशन रोडवर त्यांचं दुकान होतं. स्वतःला एकही वाद्य धड वाजवता यायचं नाही, आणि त्याचं दुःखही नव्हतं. म्हणायचे, "वाजवणारे लई हायत. ऐकणारं बी कुणी पाहिजे का न्हाई?"

मी नांदूरघाटचा बेंजोवाला. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं, ते आमचं वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या, पट्ट्यानं गळ्यात अडकवायचं आणि वरातीपुढं चालायचं. एकदा माझं एक बटण अडकलं म्हणून मी मिस्तरींकडं गेलो, तर त्यांनी बटण नीट केलं आणि वर मलाच सुनावलं, "मास्तर, तुमची तिसरी तार उतरलेली हाय. किती लग्नं लावली अशी?" भरल्या दुकानात! मला असा राग आला म्हणता, पण घरी जाऊन पाहिलं तर तार खरंच उतरलेली. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

त्या वर्षांत रोज काहीतरी नवं यायचं. गावोगाव एसटीडीचे बूथ निघाले, घरांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, आणि लग्नात की-बोर्ड आला. त्यात म्हणे सनई आहे, बासरी आहे, सगळंच आहे. आमच्या सुपाऱ्या गळायला लागल्या. नाचायला बेंजोसारखं वाद्य नाही हो, मेलेला माणूस उठून नाचेल! पण बेंजोचा सूर एका बटणावरून दुसऱ्या बटणावर उडी मारतो. सनईसारखा घसरत, लांबत जात नाही. त्यामुळं नवरीच्या पाठवणीला तो उघडा पडायचा. बाया गळ्यात पडून रडतायत आणि आमचं आपलं टकटक टकटक.

नेमकं हेच मिस्तरींच्या व्याह्यांनी बोलून दाखवलं. मिस्तरींना एकच लेक, संगीता. तिची सोयरीक अंबाजोगाईला जमली. बैठकीत वाजंत्र्याचा विषय निघाला आणि व्याही हसत म्हणाले, "पाठवणीला तरी की-बोर्डवाले आणा. बेंजोवर काय रडू येतंय का?" मी तिथंच चहा पीत बसलो होतो, माझ्याकडं बघून बोलले. मिस्तरींनी कपबशी खाली ठेवली. "माझ्या संगीची पाठवणी बेंजोवरच व्हईल. अन् तुमी रडताल, पाव्हणं." लग्नाला दोन महिने होते. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मिस्तरी, काय बोलून बसलात? ते वाद्यातच नाही." ते म्हणाले, "न्हाई म्हंजे? आजून घातलं न्हाई."

घातलं ते सायकलच्या ब्रेकमधून. तारा जिथं खिळ्याला बांधतात तिथं त्यांनी बिजागरीवर हलणारी लोखंडी पट्टी बसवली. पट्टीला ब्रेकची वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला पायानं दाबायचा पेडल. पेडल दाबला की सगळ्या तारा एकदम ताणल्या जायच्या आणि सूर हळूच वर सरकायचा, पाय उचलला की खाली. खाली येताना मात्र तो जागेवर यायचा नाही, थोडा अलीकडंच थांबायचा. मिस्तरींनी सीटची स्प्रिंग लावून पाहिली, स्टँडची पाहिली, घंटीतली पाहिली. थर्मल वीजकेंद्राची राख उडून तारांवर बसायची म्हणून बेंजोवर ओलं फडकं टाकून ठेवायचे. सोमवारी वैजनाथाचं दर्शन घेऊन आले की पहिलं ते फडकं उचलायचे. पाचव्या की सहाव्या आठवड्यात कॅरिअरची स्प्रिंग लागू पडली. मी पेडल दाबला, सोडला, आणि सूर घरी परत आला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

बातमी वाऱ्यासारखी फिरली. जिल्ह्यातले बेंजोवाले सायकलींवर, एसटीनं, कुणी ट्रॅक्टरवर बसून येऊ लागले. दुकानापुढच्या बाकड्यावर नंबर लागायचे. शिरूर कासारचा बबन ऊसतोडीहून परतला तो घरी टेकलाच नाही, थेट परळीला आला. कोयत्यानं घट्टे पडलेली त्याची बोटं, पण सूर असा काढला की शेजारचा पानवाला कात लावायचा थांबला. बबन उठेचना. मी म्हणालो, "उठ की बे, लग्न तुझं हाय का?" तर म्हणाला, "मास्तर, थोडं वाजवू द्या. सहा महिने नुसता कोयत्याचा आवाज ऐकलाय." आणखी तासभर बसला.

संगीताच्या लग्नाआधी एकदा चारचौघांत वाजवून बघावं, म्हणून आमच्या गावातल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या वरातीत मी नवा बेंजो गळ्यात अडकवला. मिस्तरी मुद्दाम आले होते. वरात निघाली. मी पहिली ओळ वाजवली, सूर चढवायची जागा आली, पेडल दाबायला पाय उचलला आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आम्ही चालत होतो! पेडल दाबायचा तर उभं राहायला हवं. वीस-वीस वर्षं वरातीपुढं तंगड्या तोडलेले आम्ही डझनभर बेंजोवाले, पंधरा दिवस बाकड्यावर बसून माना डोलावत होतो, आणि बेंजो चालत वाजवतात हे एकालाही आठवलं नव्हतं. मी पेडल जमिनीवर टेकवून दाबायचो, की मागचा ताशा माझ्या पाठीवर, ताशावर घोडा. नवरदेवाचा चुलता ओरडला, "कावून थांबतो बे सारखा? लंगडा झालास का?" मग मला भोंग्याची बॅटरी ठेवलेल्या हातगाड्यावर बसवलं. तर सोयरे रुसले, "आमी पायी अन् वाजंत्री गाडीवर?" मला खाली उतरवलं. उरलेली वरात मी जुन्या पद्धतीनंच ओढली. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

वरात संपल्यावर मिस्तरी मारुतीच्या पारावर बसलेले दिसले. मला वाटलं, आता हा माणूस खचला. मी म्हणालो, "जाऊ द्या मिस्तरी. की-बोर्ड सांगून टाकू. मीच व्याह्यांशी बोलतो." तर ते माझ्या हातांकडं बघत होते. "डावं कोपर अंगाशी दाबा," म्हणाले. मी दाबलं. "बटणं दाबता येत्यात का?" येत होती. "मंग झालं तर. पाय चालायला, कोपर रडायला." आणि तसेच रात्रीच्या एसटीची वाट न बघता एका जीपला लटकून परळीला गेले. चार दिवसांत माझ्या कमरेच्या पट्ट्याला ब्रेकचा दांडा बसला. कोपर दाबून दाबून माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. बायको म्हणाली, कुणी बदडलं? मी म्हणालो, मिस्तरींनी.

मिस्तरींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांची आठवण काढतात ती त्या बेंजोसाठी. मी काढतो ती संगीताच्या पाठवणीसाठी.

उन्हं कलली होती. मांडवातून नवरी निघाली, बायांनी सूर लावला, आणि मी पाठवणीची चाल धरली. दोन ओळी अशा काही गेल्या की मला माझंच खरं वाटेना. तिसऱ्या ओळीला कोपर दाबलं तर ते नुसतंच हललं. वायर दांड्यात अडकवून धरणारी टोकाची शिशाची गोळी निसटून कुठंतरी मातीत पडली होती. मी गडबडलो. व्याही समोरच उभे. तेवढ्यात माझ्या बगलेखालून एक हात आला आणि मोकळी वायर बोटाला गुंडाळून ओढली. मिस्तरी! नवा फेटा, नवं धोतर, आणि माझ्या कमरेशी वाकलेले. चाल त्यांना पाठ होती. जिथं मी कोपर दाबलं असतं नेमकं तिथं ते वायर ओढत होते, आणि माझ्या बरोबरीनं पाऊल टाकत होते.

जीपजवळ आल्यावर संगीतानं वळून बघितलं. आईच्या गळ्यात पडून झालं होतं, आता बापाची पाळी. बाप माझ्या बेंजोला बांधलेला. ती धावत आली. "आबा, सोडा की ते आता!" "सोडलं तर रडणार न्हाई ते, संगे." ती तशीच त्यांच्या खांद्याला बिलगली. त्यांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. हुंदक्यानं त्यांचं अंग हललं, की वायर हलायची, की सूर कापायचा. असा सूर मी आजवर ऐकलेला नाही. व्याह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

जीप निघाली. मी हात थांबवला, तर मिस्तरी म्हणाले, "थांबू नका मास्तर. फाटकापर्यंत ऐकू जातं तिला." रेल्वेचं फाटक समोरच, हाकेच्या अंतरावर. आणि ते बंद झालं. थर्मलच्या कोळशाची मालगाडी येत होती. जीप फाटकाशी थांबून राहिली, मागच्या काचेतून संगीता आमच्याकडं बघत राहिली. मी चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. डबे संपता संपेनात. मिस्तरी वायर ओढत राहिले. त्यांचं बोट कापलं होतं, रक्त माझ्या पट्ट्यावर ओघळत होतं. मी म्हणालो, "मिस्तरी, बस करा." एकही जागा चुकली नाही.

फाटक उघडलं. जीप रूळ ओलांडून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मग मिस्तरींनी वायर सोडली, नव्या धोतरासकट धुळीत बसले, आणि तोंडावर फेटा ओढून हमसून हमसून रडले. मी शेजारी उभा होतो. मला वाजवता येईना आणि थांबवतही येईना.