तुलूजच्या चौकात मारलेल्या हाका

भुताखेतांच्या गोष्टींच्या या ग्रुपवर मी चार वर्षं आहे, ते फक्त हसायला. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... सगळ्यांच्या करंज्या एकाच साच्यातल्या. खाली शंभर जण लिहिणार, ‘बापरे, काटा आला अंगावर’. माझ्या अंगावर काटा आलाच तर तुमचं शुद्धलेखन बघून यायचा. त्यामुळे आज हे लिहिताना मला लाज वाटते आहे. हसायचं असेल तर हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो.

मी शहापूर तालुक्यातला, डोळखांबच्या बाजूचा. आसनगावजवळच्या एका फॅक्टरीत पॅकिंग मशीनवर सुपरवायझर आहे. यंदा मे महिन्यात कंपनीने नवीन मशीन शिकायला बारा दिवस फ्रान्सला पाठवलं, तुलूज नावाच्या शहरात. सोबत मुरबाडचा दिनेश होता. माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा, पण विमानात बसल्यापासून ‘थँक्यू’ला ‘मर्सी’ म्हणायला लागलेला.

निघताना घरी वाजलं होतं. कारण राब. ज्यांना भात फक्त कुकरमध्ये दिसतो त्यांच्यासाठी सांगतो — पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांचा पाला, वाळलेलं गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि ते सगळं पेटवून जमीन भाजून काढायची. बाबांचं वय शहात्तर. एका डोळ्यात मोतीबिंदू. मी सांगितलं, "मी परत आल्यावर भाजू. एकट्याने हात लावायचा नाही."

बाबा म्हणाले, "तू येस्तवर पाऊस तुझ्यासाठी थांबल काय?"

"दुकानात तांदूळ मिळतो."

"मग खा जा दुकानात."

बारा दिवस डोक्यात तेवढंच होतं. म्हातारा एकटा जाऊन पेटवणार, आणि पेटवला तर त्याला धरायला तिथे कोणी नाही. बायकोला रोज फोन करायचो. ती म्हणायची, "नाय पेटवलाय अजून. तुमी नका काळजी करू."

मधल्या रविवारी सुट्टी होती. दिनेशने मला ओढत शहराच्या मुख्य चौकात नेलं. म्हणे, इथे येऊन हा चौक बघितला नाही तर काय बघितलं. मी बघितला. एका बाजूला गुलाबी विटांची लांबलचक जुनी नगरपालिका, समोर कमानी, कमानींखाली हॉटेलं, आणि मधोमध फरशीत बसवलेला एक भला मोठा क्रूस. त्याच्या टोकांना बारा राशी. राशी! जे शहर जगाला विमानं बनवून देतं, त्याने भर चौकात मेष-वृषभ मांडून ठेवलेत. आमचा भगत बरा, तो निदान फरशी तरी फोडत नाही. आणि मोकळी जागाच बघायची तर म्हशाच्या जत्रेचं मैदान याच्या चौपट भरेल, तिथे बैल तरी बघायला मिळतात. इथे माणसं बोटभर कॉफी घेऊन तास तास बसलेली, नाकाने कांदे सोलत.

"काय जागा हाय रे," दिनेश म्हणाला. "माझा एक फोटो काढ."

दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन. मी मोबाइल वर धरला आणि मला वास आला.

कचरा जळतो तो वास वेगळा, चुलीचा वेगळा. शेण, पाला आणि माती एकत्र धुमसते तो वास ज्याने लहानपणापासून घेतलाय त्याला झोपेतही ओळखता येतो. मी दिनेशला विचारलं. तो म्हणाला, कसला वास? मग मोबाइलच्या वरून पाहिलं तर क्रूसाच्या पलीकडे पिवळट धूर होता, आणि धुरात बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक म्हातारा. डोक्याला टॉवेल. एका हाताने तोंड झाकलेलं, दुसरा हात पुढे चाचपडत. तो माझ्यापासून लांब, जिकडे धूर जास्त दाट होता तिकडेच चालला होता.

मी ओरडलो, "बाबा, इकडं ये!"

तो थांबला. पण वळला नाही.

"बाबा! इकडं!"

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. दिनेशने माझा दंड धरला. "अरे, काय करतोस? लोक बघतात." आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. त्या गोऱ्या लोकांसमोर, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि मी बाजारात हरवलेल्या पोरासारखा बापाच्या नावाने ओरडतोय. मी तोंड मिटलं. धूर अजून तिथेच होता, म्हातारा तिथेच उभा होता, आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात जवळच्या टेबलावरच्या एका पांढऱ्या दाढीवाल्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. श्श्. कुत्र्याला करतात तसं. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, घसा फाटेल इतक्या जोरात तिसऱ्यांदा ओरडलो, "बाबा, इकडं ये!"

मान वळवून पाहिलं तर धूर नाही, म्हातारा नाही. कबुतरं आणि टुरिस्ट.

मी स्वतःची समजूत घातली. झोप नाही, सॉसच्या जेवणाने पित्त झालंय. त्या दिवशी घरी फोनही केला नाही, कारण केला असता तर मी ते मानलं असं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचाच फोन आला. बाबांनी आदल्या संध्याकाळी साडेपाचला, कोणाला न सांगता राब पेटवला होता. वारा फिरला. दोन्ही पाय पोटरीपर्यंत भाजलेत, शहापूरच्या दवाखान्यात आहेत, जिवाला धोका नाही. मग म्हणाली, "एक इचारू? काल तुमी त्यांना कुठून हाका मारल्यात?"

तोवर मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे दोन वाजलेले असतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी तुम्हाला शंभर वेळा सुनावलंय. वास भास असेल, धूर भास असेल. काळजीने माणसाला काहीही दिसतं. पण बाबांनी ऐकलं त्याचं काय? म्हाताऱ्याचा फोन घरी खुंटीला होता. शेतात दुसरं कोणी नव्हतं. सहा महिने मी यावर डोकं चालवतोय आणि माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर तेही नको, तुमची उत्तरं मी वाचलेली आहेत.

परत आलो त्या दिवशी बाबा ओटीवर खाटेवर होते. मी पट्टी बदलायला बसलो. ते आपणहून सांगायला लागले.

"धुरात काय दिसंना. गवताची गंजीपण पेटली. बांध कुठं, आग कुठं, कायच कळंना. तेवढ्यात तुझी हाक आली."

"मग आलास का नाही लगेच?"

"एका हाकेला ओ देत नाय रे. दोनला पण नाय. भूतपण दोन हाका मारतं. तिसरी मारतो तो मानूस." त्यांनी पाय जरा सरकवला. "दोन झाल्या. मग काय नाय. आग पायापाशी आली तरी मी उबा रायलो. म्हटलं, माझा पोर हाय तर तिसरी मारनारच. तो दोनवर थांबायचा नाय. मग मारलीस. त्या बाजूला चालत ग्येलो, तं बांध लागला."

हे ते आता अख्ख्या गावाला सांगतात. येणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवून जातो.

मी मात्र दोनवरच थांबलो होतो. तिसरी हाक मी त्या दाढीवाल्याला मारली होती. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.