धुक्यातला हिरवा स्वेटर
नात मानसशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचत होती: जे दिसलं नाही ते मन स्वतःच भरून काढतं आणि पाहिलं म्हणून लक्षात ठेवतं. ऐकता ऐकता मला पाटातल्या गाळाचा वास आला. खूप वर्षांपूर्वीच्या त्या पहाटे पाण्याची पाळी माझी होती, पण माझ्या उसाच्या सऱ्या कोरड्या आणि धाकट्या भावाच्या तुडुंब भरलेल्या. तो लष्करातून सुट्टीवर आलेला, आणि पाण्यावरून माझा त्याच्यावर आधीपासूनच संशय. धुक्यात पाटाकडेनं एक हिरवा लष्करी स्वेटर पाठमोरा जाताना दिसला. घरी येऊन मी आईसमोर म्हणालो, "ह्यानंच पाणी वळवलं. ह्या डोळ्यांनी बघितलंय." तो म्हणाला, "आवं आण्णा, तोंड बघितलं का नुसता स्वेटर? फौजींचं गाव हाय, घरटी हाय त्यो." मी म्हणालो, "तोंडच बघितलं." सुट्टी शिल्लक असूनही तो त्याच दिवशी निघून गेला आणि पुन्हा माझ्या उंबऱ्यात आला नाही. दुपारी पाटाचा बांध खेकड्यांनी पोखरलेला सापडला; पाणी तिथूनच त्याच्या सऱ्यांत गेलं होतं. मी भोक मुकाट्यानं बुजवलं. भाऊ आता नाही. मला फक्त स्वेटर दिसला होता, हे आज लिहून ठेवतो. तरीही डोळे मिटले की धुक्यातला माणूस मागं वळतो, आणि तोंड माझ्या भावाचंच असतं.